शहाऐंशी तळटिपा

संस्थेत बसायच्या तीन तऱ्हा होत्या: हातांची खुर्ची, बिनहातांची खुर्ची आणि स्टूल. हातांच्या खुर्चीवर विभागप्रमुख बसायचे, बिनहातांच्या खुर्च्यांवर प्राध्यापक, आणि स्टुलांवर काम करणारी माणसं. याच संस्थेत दर दोन वर्षांनी 'आरंभीच्या बौद्ध संघातील समता' या विषयावर परिसंवाद व्हायचा. त्या दिवशी सगळी स्टुलं जिन्याखाली कोंबायचे. फोटोत वाईट दिसतात म्हणे.

मावशी गेली एकोणीस वर्षं स्टुलावर होती. आली तेव्हा कामाला लावली होती छापील कागदांच्या घड्या घालायला. मग एक मुद्रितशोधक आजारी पडला, दुसरा पळून गेला आणि कुणीतरी म्हणालं, "या बाईंचे डोळे चांगले आहेत, बसवा." बसवलं. समोर आले पाली ग्रंथांचे गठ्ठे. तिला पाली कुणी शिकवली नाही. पाली ग्रंथांत एकच गोष्ट इतक्या वेळा सांगितलेली असते की भिंतीलासुद्धा पाठ होईल. विभागातल्या प्राध्यापकांना मात्र झाली नव्हती, कारण भिंत निदान तिथं हजर तरी असायची.

तर अशी ही मावशी. संस्थेत सगळ्यांची मावशी, आई फक्त एकीची. ती एक म्हणजे तिची लेक, आणि लेक त्याच संस्थेत पीएच.डी. करत होती. नवरा लेक तीन वर्षांची असतानाच गेला, त्यामुळे घरात दोघीच. लेकीचा प्रबंध सादर झाला होता, तोंडी परीक्षा महिन्यावर आली होती. तिच्यापाठोपाठ आठवडाभरात अध्यापकाच्या जागेची मुलाखत होती. पदवी हातात असेल तर जागा जवळजवळ पक्की. नसेल तर पुन्हा कधी निघेल याचा पत्ता नाही. मावशीची आयुष्याकडून एवढीच मागणी होती: पोरगी स्टुलावर बसू नये.

लेकीचे मार्गदर्शक होते खुद्द विभागप्रमुख. समोर सगळे त्यांना 'सर' म्हणत, पाठीमागे 'महास्थविर'. स्थविर म्हणजे भिक्षुसंघातला वडीलधारा. सरांना हे टोपणनाव कानावर आलं तेव्हा राग आला नाही, उलट त्यांनी ते मनोमन स्वीकारलं. सरांचा एक सिद्धांत होता, 'शंभरात दोन'. म्हणजे असा: बुद्धाच्या संघात भिक्षूंशी शंभर ओळी बोलल्या जात तेव्हा भिक्षुणींशी जेमतेम दोन. बायकांना संघात घेतलं खरं, पण त्यांच्याशी कुणी बोललंच नाही. सभेत सर हे वाक्य आवाज कापरा करून म्हणत. बायका डोळे पुसत. मग सर चहाला जात आणि ग्रंथालयातल्या बाईला न बघता म्हणत, "साखर कमी."

सिद्धांताला आधार होता एका तक्त्याचा. सगळे छापील ग्रंथ संगणकात घातले, कुणाला उद्देशून किती ओळी आहेत ते मोजलं. तक्ता लेकीनं केला होता. प्रबंधात तोच, सरांच्या नव्या पुस्तकातही तोच. पुस्तकात आभार मानले होते 'विद्यार्थी आदींचे'. लेक त्या 'आदीं'मध्ये होती.

पुस्तकाचं प्रूफ शनिवारी मावशीकडे आलं. संस्थेचा एक नियम होता, भिंतीवर चौकटीत लावलेला: 'मुद्रितशोधकाने अक्षरे पाहावीत, अर्थ पाहू नये.' शंका आलीच तर चिठ्ठी लिहायची: पान, ओळ, शंका, सुचवलेला मजकूर. चिठ्ठीवर लेखकाची सही झाली की तो मजकूर छापायचाच. मग तो अक्षरजुळणी करणाऱ्याला पटो न पटो.

मावशीनं प्रूफ घरी आणलं. एकशेचौदाव्या पानावर ती थांबली. पेन्सिल कानावर ठेवली आणि आत हाक मारली.

"चिमे, हा तक्ता तू केलायस ना?"

लेक भाजी चिरत होती. "हो. का?"

"यात 'पे' धरलंय?"

सुरी थांबली.

हे 'पे' काय ते सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिथंच आहे. जुने उपदेश आधी तोंडी चालत. एखादा उपदेश भिक्षूंना सांगितला की तोच शब्दशः भिक्षुणींना, मग उपासकांना, मग उपासिकांना. म्हणणारे सगळं चारदा म्हणायचे. पुढं लिहायची वेळ आली आणि हात दुखायला लागले. मग एकदा सगळं लिहायचं आणि नंतर नुसतं 'पे' टाकायचं, म्हणजे वरचंच सगळं इथंही समजा. छापखान्यांनीही तेच चालू ठेवलं. आता पहिला मान कुणाचा? भिक्षूंचा. त्यामुळे त्यांच्या वाट्याला पूर्ण मजकूर आणि बायकांच्या वाट्याला 'पे'. संगणकानं बिचाऱ्यानं जे छापलं होतं ते मोजलं. भिक्षूंच्या सेहेचाळीस ओळी, भिक्षुणींचा एक शब्द. कागद वाचवणाऱ्यांच्या कंटाळ्यावर सरांचा सिद्धांत उभा होता, आणि त्याच्यापुढं सभागृहं रडत होती.

"आई, तू अक्षरं बघ ना," लेक म्हणाली.

"एकोणीस वर्षं तेच करतेय. धरलंय का नाही?"

"नाही."

"सुटलं की सोडलंस?"

लेकीनं सुरी खाली ठेवली. "आधी सुटलं. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं. सरांकडे गेले. म्हटलं, सर, तक्ता पुन्हा करावा लागेल. ते म्हणाले, जे छापलेलं नाही ते मोजायचं कसं? विज्ञान आहे हे. मी म्हटलं, छापलेलं नाही म्हणजे म्हटलेलं नाही असं थोडंच आहे? तर म्हणाले, 'तुला प्रबंध संपवायचाय की बायकांना न्याय द्यायचाय?'"

"मग?"

"संपवायचाय, म्हटलं मी."

मावशीनं कानावरची पेन्सिल काढली. लेकच पुढं बोलत राहिली. "आणि बायकांवर नियम लादले होतेच ना गं संघात? शंभर वर्षांच्या भिक्षुणीनं कालच्या पोरसवदा भिक्षूपुढं वाकायचं, हे काय खोटंय?"

"ते खरंय. म्हणून हे खरं होतं का?"

"नाही होत."

"वाकायला लावलं हे मला कळतं. पण त्यांच्याशी बोललेलं होतं, चिमे. सगळंच्या सगळं. मी वाचलंय ते, 'पे'च्या जागी मनात पुन्हा म्हणत. आणि आता तुझे सर म्हणतात, बोललेच नाहीत. म्हणजे ऐकलेलंही काढून घेतलं त्या बायकांकडून." मग ती उठली आणि प्रूफ पिशवीत घातलं. "जाऊ दे. तुझी परीक्षा होऊ दे आधी."

रविवारी सकाळी मावशी प्रूफ वाचायला बसली. ही बाई औषधाच्या डब्यातला कागदसुद्धा पेन्सिल घेऊन वाचायची. शेजाऱ्यांच्या दारावरच्या पाटीवर एकदा तिनं खडूनं खूण केली होती आणि वर्षभर त्यांच्याशी बोलणं बंद होतं. लेक कोपऱ्यातून बघत होती. पेन्सिल एकशेचौदाव्या पानावर गेली, तक्त्यावर थबकली आणि पुढं सरकली. एकशेतेविसाव्या पानावर पुन्हा थबकली. पुन्हा सरकली.

"आई, खूण कर की."

"कसली? अक्षरं बरोबर आहेत."

"तू कधी अशी पुढं गेलीस का?"

"डोळ्यात काहीतरी गेलंय," मावशी म्हणाली. प्रूफ तसंच टेबलावर ठेवून ती मोठ्या बहिणीकडे निघून गेली. बहिणीकडे तिचं काही काम नव्हतं. घरात बसवत नव्हतं एवढंच.

परतली तेव्हा उन्हं कलायला आली होती. टेबलावर प्रूफ होतं आणि त्यातून पांढऱ्या चिठ्ठ्यांच्या कडा बाहेर आल्या होत्या, पिंजारलेल्या कोंबडीसारख्या. मावशीनं पहिली उघडली. लेकीचं अक्षर. 'पृष्ठ ११४, तक्ता ३. सुचवलेली तळटीप: या ठिकाणी भिक्षुणींना सांगितलेला उपदेश "पे" या खुणेखाली संक्षिप्त केला आहे. पूर्ण म्हटल्यास सेहेचाळीस ओळी होतात. तक्त्यात त्या धरलेल्या नाहीत. ही टीप घ्यावी का?' दुसरी तशीच. तिसरी तशीच.

"किती आहेत या?"

"शहाऐंशी. आणखीही निघतील, पण बोटं दुखली. त्या जुन्या लिहिणाऱ्यांचं दुःख आता कळलं."

"वेडी आहेस का गं तू? महिन्यावर परीक्षा आलीय. तुझा तक्ता आणि त्यांचा तक्ता एकच आहे. हे छापून आलं की पहिला दगड तुझ्या डोक्यात पडणार."

"पडू दे."

"आणि जागा? मुलाखत?"

"आई, मी तुला आज पहिल्यांदा खोटं वाचताना बघितलं. ते माझ्यासाठी करत होतीस. असली जागा मला नको."

मावशीनं उघडलेल्या चिठ्ठ्या पुन्हा प्रूफात खोचल्या. शेवटी म्हणाली, "ते सही करणार होय यावर?"

"वाचलं तर नाही करणार."

"वाचलं तर," मावशी म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. मग दोघी इतक्या हसल्या की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी ठोकली.

सोमवारी मावशी प्रूफ घेऊन सरांच्या खोलीत गेली. सर फोनवर होते. पुस्तकाच्या प्रकाशनाचा मोठा फलक तयार होत होता. "नाही, नाही, बुद्ध थोडा डावीकडे घ्या," सर सांगत होते, "माझं नाव झाकलं जातंय."

मावशीनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढं केला. सरांनी फोनवर हात ठेवला. "एवढ्या शंका? मावशी, आमच्या वेळी मुद्रितशोधक श्रद्धेनं वाचायचे."

"शहाऐंशी आहेत सर. वाचून सही करा."

"मी लिहिलेलं मीच काय वाचायचं?" सरांनी पेन काढलं आणि सह्या सुरू केल्या. फोनवर पुन्हा: "हां, बुद्धाचा कान कापला गेला तरी चालेल."

"सर, पहिली तरी वाचा. तक्त्याबद्दल आहे."

"तक्ता तुमच्या मुलीनं केलाय. तिच्यावर विश्वास नाही तुमचा?"

"आहे," मावशी म्हणाली. "म्हणूनच म्हणते, वाचा."

सर हसले, मोठ्या मनाच्या माणसाला शोभेल असं, आणि शहाऐंशीवी सही करून पेनाला टोपण लावलं.

जुळणीवाले काका दोन दिवसांनी मावशीच्या स्टुलापाशी आले. "मावशी, हे काय छापतोय मी? वर एक माणूस बोलतो आणि खालच्या टिपा त्याला चावतायत."

"चिठ्ठ्यांवर सही आहे का?"

"आहे."

"मग?"

"मग काय," काका म्हणाले, "चावू देत. सही असली की आपण मोकळे."

पुस्तक छापून आलं. सरांनी मुखपृष्ठ बघितलं, पाठीमागचा आपला फोटो बघितला, पुस्तक हातात तोलून वजन बघितलं आणि समाधान पावले. पहिली प्रत त्यांनी लेकीच्या परीक्षेसाठी बाहेरून येणाऱ्या परीक्षकबाईंना भेट पाठवली. प्रकाशन आणि तोंडी परीक्षा एकाच दिवशी ठेवली होती: सकाळी परीक्षा, दुपारी प्रकाशन. चहा-बिस्किटं एकदाच सांगावी लागतात.

परीक्षकबाई सत्तरीच्या, निवृत्त. बसायला स्वतःची उशी घेऊन आल्या होत्या. त्यांनी हातांच्या खुर्चीकडे बघितलं, मग बिनहातांच्या खुर्चीवर उशी ठेवून बसल्या. सभागृह भरलेलं होतं. मावशी मागं, दारापाशी उभी होती.

"मुली," परीक्षकबाई म्हणाल्या, "तुझा तक्ता आणि तुझ्या सरांच्या पुस्तकातला तक्ता एकच आहे, बरोबर?"

"हो."

"पण त्यांच्या पुस्तकात त्याच तक्त्यावर शहाऐंशी तळटिपा आहेत. प्रत्येक टीप सांगते, तक्ता चुकलाय. तुझ्या प्रबंधात अशी एकही टीप नाही. हे कसं?"

"कसल्या टिपा?" सर म्हणाले.

परीक्षकबाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "तुमच्या."

सरांनी समोरचं पुस्तक उघडलं. लेखकानं स्वतःचं पुस्तक पहिल्यांदा वाचण्याचा तो प्रसंग पन्नास-साठ लोकांनी बघितला. सर पान उलटायचे, खाली बघायचे, पान उलटायचे. कान लाल झाले. त्यांच्यापुढं दोनच वाटा होत्या. 'मी वाचलं नाही' म्हणायचं किंवा 'हे मीच लिहिलं' म्हणायचं. तीस वर्षांच्या अध्यापनानं माणूस कुठली वाट धरतो हे सांगायला नको.

"होय. टिपा," सरांनी पुस्तक मिटलं. आवाज आपोआप कापरा झाला. "मुलीची मोजणी जरा घाईची झाली होती. माझ्या ते ध्यानात आलं. पण तिचं मन मोडवेना. म्हणून वर तिचा तक्ता राहू दिला आणि खाली सत्य नोंदवलं. करुणा म्हणतात ती हीच."

प्राध्यापकांच्या रांगेतून टाळ्या आल्या. एकानं रुमाल काढला.

"असं आहे का?" परीक्षकबाईंनी लेकीला विचारलं.

मावशीनं दाराची चौकट धरली. तिच्या मनात एकच होतं: हो म्हण, बये. सरांची करुणा घे, पदवी घे आणि मोकळी हो.

"तक्ता चुकीचा आहे," लेक म्हणाली. "मला दुसऱ्या वर्षापासून माहीत होतं. तरी दिला. ते माझं पाप. टिपाही मीच लिहिल्यात. सरांनी फक्त सह्या केल्या."

"भावनेच्या भरात बोलतेय पोरगी," सर म्हणाले.

"बघू या," परीक्षकबाईंनी पान काढलं. "टीप एकेचाळीस. इथं 'पे'खाली नेमकं काय गाळलंय? दोघांपैकी कुणीही सांगा."

सरांनी पाणी प्यायलं. "तपशिलात शिरायची ही वेळ नाही."

लेकीनं डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली. पाली शब्द, एकामागून एक, भिक्षूंना सांगितलेलं सगळं भिक्षुणींच्या नावानं. अकरा-बारा ओळी झाल्या आणि ती अडखळली. सभागृहात कुणी खोकलं. मागून, दारापाशी, पुढचा शब्द आला. मावशीच्या तोंडून निघून गेला होता, समोरचा वाचणारा अडला की निघतो तसा. लेकीनं तो उचलला आणि शेवटपर्यंत गेली.

परीक्षकबाईंनी पुस्तक मिटलं. मग पेन काढलं. "टिपा कुणाच्या ते मला कळलं," त्या म्हणाल्या. "पण खरं बोललीस म्हणून चुकीचा तक्ता बरोबर होत नाही. मी याला पदवी देणार नाही. एक वर्षाची मुदत. सगळं पुन्हा मोज, 'पे' उलगडून. मग मीच येईन."

"हो," लेक म्हणाली.

दुपारी प्रकाशन ठरल्याप्रमाणे झालं. बुद्ध डावीकडे होता, अर्ध्या कानाचा.

पुढच्या आठवड्यात ती जागा दुसऱ्या एका उमेदवाराला गेली. त्याच्या प्रबंधात कुणाला एकही चूक सापडली नव्हती, कारण तो कुणी उघडला नव्हता. सरांच्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला. परीक्षण करणाऱ्यांनी लिहिलं की स्वतःच्याच सिद्धांताला पानोपानी आव्हान देणारा असा निर्भय विद्वान विरळा. सर आता 'पे'वर व्याख्यानं देतात. त्यातही बायका डोळे पुसतात. आणि मावशीला कार्यालयातून कागद आला: आपण मजकुराचा अर्थ लावल्याचे निदर्शनास आले आहे, सबब आपणांस पाली ग्रंथांवरून काढून वार्षिक अहवालावर नेमण्यात येत आहे. अहवालात अर्थ नसल्यामुळे पुन्हा तसं घडायची भीती नव्हती.

त्या सह्या केलेल्या चिठ्ठ्या मावशीकडे होत्या. तीन वर्षं जपून ठेवायचा नियमच आहे. तिनं एकदा लेकीला विचारलं, "दाखवू का वर नेऊन?"

"कुणाला?"

मावशीनं विचार केला. वर जे बसले होते ते सगळे टाळ्या वाजवणाऱ्यांतले होते. "तेही खरंच," ती म्हणाली.

आता रविवारी सकाळी दोघी टेबलाशी समोरासमोर बसतात. लेक सकाळ-दुपार शिकवण्या करते, उरलेल्या वेळात मोजते. संगणकावर भरवसा नाही. 'पे' आलं की मागं जाऊन मजकूर आणायचा, त्यात कुणाला सांगितलंय ते बदलायचं आणि पूर्ण म्हणायचा. मावशी मोठ्यानं वाचते, लेक ओळीगणिक रेघ मारते. निम्मे ग्रंथ बाकी आहेत आणि भिक्षुणींच्या रेघांनी दुसरी वही भरत आलीय. मुदतीचे चार महिने गेले. पुरतील का, माहीत नाही.

गेल्या रविवारी दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या, कमरेवर हात ठेवून.

"अहो, सकाळपासून ऐकतेय. तेच तेच किती वेळा म्हणता?"

"चार वेळा," मावशी म्हणाली. "चौघांना सांगितलंय ना."

बाई दारातच उभ्या राहिल्या. मावशीनं दार लावलं नाही. ती जागेवर येऊन बसली, बोटानं ओळ शोधली आणि तिसऱ्यांदा म्हणायला लागली.